कार्बन साचला की भाग झिजला, हे आधी लेखी घ्या

कराडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते लांब असल्याने त्यातील मुख्य मजकूर तेवढा येथे देतो.

"मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गाडी स्वतः चालवते. सुमारे पाच वर्षांपूर्वी १४ लाख ८० हजार रुपयांना नवी डिझेल गाडी घेतली. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी संपण्याआधी पैसे भरून आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. ती येत्या ऑक्टोबरमध्ये संपते. गाडी ८४,००० किलोमीटर चालली आहे. फेब्रुवारीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि चढावर गाडी ओढेनाशी झाली. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून दिवा घालवला. दिवा पुन्हा लागला, पुन्हा घालवला. तिसऱ्या खेपेस इनटेक मॅनिफोल्ड गेला आहे, तो बदलण्याचा खर्च ६२,००० रुपये येईल, आणि हे कार्बनचे काम असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे तोंडी सांगितले. 'मॅडम, तुम्ही गाडी फार हळू चालवता म्हणून कार्बन झाला,' असेही ऐकवले. शिवाय एक सर्व्हिसिंग मी बाहेर करून घेतले होते, तेही कारण पुढे केले. भाचा म्हणतो की ईजीआर (धूर नियंत्रणाची यंत्रणा) बंद करून टाक, पाच हजारांत काम होईल. हा भाग इतक्या लवकर जातो का, की हे माझ्याच वाट्याला आले? दाद कोणाकडे मागावी? आणि तोवर गणपतीला ही गाडी घेऊन चिपळूणला जाता येईल का?"

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'तोंडी' हा आहे. नेमके काय बिघडले आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, असे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत. सर्व्हिस सेंटरने पहिल्या प्रश्नाचे उत्तर न शोधताच दुसऱ्याचे उत्तर देऊन टाकले आहे. 'कार्बन' हा शब्द त्यांना सोयीचा आहे, कारण प्रत्येक जुन्या डिझेल गाडीत कार्बन सापडतोच आणि तो दाखवला की ग्राहक गप्प होतो. तेव्हा वॉरंटीवरून वाद घालण्याआधी बिघाडाचे कारण कागदावर घेणे हे आपले पहिले काम आहे.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे बाहेरून आलेली हवा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणारा, बहुधा प्लॅस्टिकचा, फाटे फुटलेला भाग. आजच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो नुसत्या नळ्यांचा जुडगा राहिलेला नाही. प्रत्येक सिलिंडरसाठी हवेच्या दोन वाटा असतात आणि त्यांपैकी एका वाटेत एक छोटी झडप असते. इंजिन हळू फिरत असताना ही झडप मिटते, म्हणजे हवा दुसऱ्या वाटेने भोवऱ्यासारखी फिरत आत शिरते आणि इंधन नीट जळते. इंजिनाचा वेग वाढला की झडप उघडते. या सर्व झडपा एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात, तो दांडा एक छोटी मोटर फिरवते आणि तो किती फिरला हे एक सेन्सर इंजिनाच्या संगणकाला कळवतो. सांगितलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांचा मेळ बसला नाही की संगणक दिवा लावतो आणि काही गाड्यांत इंजिनाची ताकद स्वतःहून कमी करतो. तुमच्या जॉब कार्डांच्या, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामनोंदीच्या कागदांच्या, ज्या छायाप्रती पत्रासोबत आल्या, त्यांवर तिन्ही वेळा 'पी-२०१५' हा बिघाडाचा एकच कोड लिहिलेला आहे. झडपांची जागा अपेक्षित मर्यादेत नाही, एवढाच त्या कोडचा अर्थ आहे. ती का नाही, हे कोड सांगत नाही.

माझ्या टेबलावर असाच एक निकामी मॅनिफोल्ड गेली काही वर्षे कागदांवर वजन म्हणून पडून आहे. दुसऱ्याच एका गाडीचा, पण घडण तीच. आतल्या बाजूने बोट फिरवले तर डांबरासारखा काळा, तेलकट थर हाताला लागतो, आणि हात दोनदा धुतला तरी वास जात नाही. पाहणाऱ्याला वाटते की झाले, हाच दोष. पण बाहेरच्या बाजूला, मोटरच्या दांडीपाशी, करंगळीच्या नखाएवढा प्लॅस्टिकचा एक उंचवटा आहे. दांडा कुठे थांबायचा हे तो ठरवतो, म्हणून त्याला 'थांबा' म्हणू. मोटरने दिवसातून शेकडो वेळा तिथे टेकून टेकून त्याची कड घासली गेली आहे. घासली किती, तर नीट उजेडात धरल्याशिवाय दिसणार नाही इतकी. पण तेवढ्यानेच दांडा ठरलेल्या जागेच्या पलीकडे जाऊ लागला आणि दिवा लागला. आतून तो मॅनिफोल्ड घाण होता हे खरे. पण त्या घाणीमुळे तो बदलावा लागला नव्हता.

आपल्या बाबतीतही प्रश्न नेमका हाच आहे आणि त्याचे उत्तर काढणे फार अवघड नाही. कार्बन साचला असेल तर दांडा जड होतो, अडतो, आणि झडपांची हालचाल हवी त्यापेक्षा कमी होते. थांबा झिजला असेल तर हालचाल हवी त्यापेक्षा जास्त होते. मोटर आणि दांडा यांना जोडणाऱ्या जोडदांडीची खोबण सैल झाली असेल तर मोटर फिरते, पण दांडा तिच्यामागे रेंगाळतो. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरमधून झडपा उघडण्याचा आणि मिटण्याचा हुकूम देता येतो, त्या वेळी सेन्सरचा आकडा पडद्यावर दिसतो आणि त्याची अपेक्षित मर्यादाही दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते. हुकूम काय दिला, आकडा काय आला आणि मर्यादा काय होती, या तीन गोष्टींची छापील प्रत मागा. सोबत मोटरच्या जोडणीची वायर आणि सेन्सर तपासल्याची नोंद मागा, कारण हाच कोड क्वचित साध्या सैल कनेक्टरमुळेही येतो. ही सगळी तपासणी मॅनिफोल्ड न उघडता होते. ती न करता 'कार्बन आहे' म्हणणे म्हणजे नाडी न पाहता औषध लिहिण्यासारखे आहे.

आता 'हळू चालवता' या टोमण्याविषयी. तो ज्या स्वरात मारला गेला तो गैर होता, पण त्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला जातो. ईजीआर म्हणतात ती हीच व्यवस्था. त्या धुरातील काजळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात आणि तो डांबरासारखा थर तयार होतो. नेहमी दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या असतील, इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत असेल, तर हा थर लवकर वाढतो. पण गावातल्या गावात शांतपणे गाडी चालवणे हा गाडीचा गैरवापर नव्हे. गाडी विकताना 'ही शहरात चालवू नका' असे कोणी सांगत नाही. मालकासाठीच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट सूचना असेल तर ती दाखवा, असे त्यांना विचारा. आपल्या नोंदीप्रमाणे पाच वर्षांत ८४,००० किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी ४५ ते ५० किलोमीटर होतात. एवढी धाव केवळ भाजी मंडईच्या फेऱ्यांनी होत नाही, हेही आपण शांतपणे नमूद करू शकता.

हे आपल्याच वाट्याला आले का, याचे उत्तर 'नाही' असे आहे. हा भाग जगभर बदनाम आहे आणि त्याच्या बदनामीच्या तऱ्हाही अनेक आहेत. त्यातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून आपल्या ४.६ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनावर नायलॉनमिश्रित प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड बसवायला सुरुवात केली. क्राऊन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, लिंकन टाउन कार या भारदस्त गाड्यांत हे इंजिन होते. हवेच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असण्यात काही बिघडले नसते. पण इंजिन थंड ठेवणारे उकळते पाणी जिथून आडवे जाते, ती पुढच्या बाजूची वाटही त्याच प्लॅस्टिकमध्ये ओतलेली होती. तापणे आणि निवणे यांच्या हजारो फेऱ्यांनंतर तिथे तडा जाई, पाणी गळे आणि पाणी संपले की इंजिन तापून मोठे नुकसान होण्याची भीती असे. दिवसरात्र पळणाऱ्या टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांत हा दोष आधी उघडा पडला आणि त्या ताफ्यांतील काही गाड्यांसाठी कंपनीने आधी सवलत दिली. घरगुती मालकाच्या गाडीला तोच तडा जाईपर्यंत मात्र वॉरंटी उलटून गेलेली असे आणि त्याला शेकडो डॉलरचे बिल स्वतः भरावे लागे. अखेर कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २००५ साली तडजोड झाली. तडा गेलेल्या मॅनिफोल्डसाठी, गाडीची मूळ वॉरंटी सुरू झाल्यापासून ७ वर्षे, किलोमीटरची कोणतीही मर्यादा न घालता, कंपनीने जबाबदारी घेतली. सुधारित मॅनिफोल्डमध्ये पाण्याची ती वाट ॲल्युमिनियमची केली गेली.

जनरल मोटर्सच्या ३.८ लिटरच्या इंजिनात ईजीआरची गरम नळी प्लॅस्टिकच्या फार जवळून गेली होती, त्यामुळे तिथले प्लॅस्टिक खचे आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरे. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या डिझेल इंजिनांत तर झडपाच तुटून इंजिनात पडत. आणि आपल्या कार्डावरचा जो कोड आहे, त्याच तक्रारीपायी फोक्सवॅगनला अमेरिकेत आपल्या २ लिटरच्या पेट्रोल इंजिनांच्या मॅनिफोल्डची वॉरंटी १० वर्षे किंवा १,२०,००० मैल इतकी वाढवावी लागली. अमेरिकेतील त्या सवलती कराडच्या गाडीला लागू होत नाहीत, हे उघड आहे. मग ही उदाहरणे आपल्या काय कामाची? एक म्हणजे, ८४,००० किलोमीटरला हा भाग जाणे ही मालकाच्या हातून घडलेली चूकच असली पाहिजे, हे गृहीत धरता येत नाही. आणि दुसरे, अधिक उपयोगाचे: सदोष भागाची घडण कंपन्या बहुधा गाजावाजा न करता सुधारतात आणि त्या सुधारणेची खूण भागाच्या क्रमांकात उमटते. आपल्या जुन्या मॅनिफोल्डवर कोरलेला क्रमांक आणि नव्या भागाच्या बिलावरचा क्रमांक शेजारी ठेवून पाहा. शेवटचे अक्षर किंवा आकडा बदललेला असेल, तर मधल्या काळात कंपनीने या भागात नेमकी कोणती सुधारणा केली, हा प्रश्न लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्यावर मिळालेले मौनही पुढे उपयोगी पडते.

आता कागदाकडे वळू. वाढीव वॉरंटीचे पुस्तक काढा आणि ते मुखपृष्ठापासून नव्हे, तर 'यात काय समाविष्ट नाही' या पानापासून वाचा. पहिल्या तीन वर्षांची वॉरंटी कंपनीची असते. वाढीव वॉरंटी मात्र पुष्कळदा वेगळाच करार असतो आणि कधी त्यामागे विमा कंपनी असते. समाविष्ट भागांची यादी देणारे करार आणि वगळलेल्या भागांची यादी देणारे करार यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वगळलेल्या यादीत मॅनिफोल्ड नसेल तर तो आपोआप आत येतो. काही करारांत 'कार्बन साचल्याने करावी लागणारी साफसफाई' वगळलेली असते. तशी अट आपल्याही करारात असेल तर केवळ साफसफाईचा खर्च आपल्याला सोसावा लागेल, आणि तो सोसावा असेच मी सांगेन. पण झिजलेला थांबा किंवा सैल झालेली जोडदांडी म्हणजे साफसफाई नव्हे. मोटर, झडपा आणि नळ्या मिळून एकच सुटा भाग म्हणून विकायचा आणि नाकारताना मात्र त्यातल्या काजळीकडे बोट दाखवायचे, हे चालू देऊ नका.

बाहेरच्या सर्व्हिसिंगचे कारण त्याहून कच्चे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्यावरील मक्तेदारी हा त्यातला मुख्य विषय होता. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामाने नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने त्यात बजावले. हा आदेश पुढे अपिलांच्या फेऱ्यांत सापडला, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य समजू नका. शिवाय आपला वाढीव करार वेगळ्या संस्थेचा असेल तर युक्तिवादही थोडा वेगळा होईल. तरीही पत्रात या आदेशाचा उल्लेख जरूर करा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या बाहेरच्या सर्व्हिसिंगचे बिल शोधा. त्यावर तेलाची प्रत (ग्रेड) लिहिलेली असेल आणि ती पुस्तिकेतल्या प्रतीशी जुळत असेल, तर त्या तेलबदलाने झडपांचा थांबा कसा झिजला, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्याकडे जाते. बिलच नसेल तर मात्र आपली बाजू या एका मुद्द्यावर दुबळी आहे, हे मान्य करून पुढे जा आणि त्यावर पत्राची जागा वाया घालवू नका.

आपली खरी ताकद फेब्रुवारीपासूनच्या तीन जॉब कार्डांत आहे. एकच तक्रार, एकच कोड, तीन खेपा, आणि तिन्ही वेळा केवळ कोड पुसून गाडी परत. दिवा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेला दोष मुदतीत दुरुस्त झाला नाही, तर तो मुदतीनंतरचा दोष ठरत नाही. म्हणूनच ऑक्टोबरची तारीख उलटण्याआधी आपले पत्र पोहोचलेले असणे अत्यावश्यक आहे. एखादे कार्ड हाती नसेल तर त्याची प्रत आजच मागून घ्या. सर्व्हिस ॲडव्हायझरने कार्डावर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात 'जनरल चेकअप' असे काही लिहिले असेल, तर पुढच्या खेपेस सही करण्याआधी आपल्या हाताने 'चढावर ताकद कमी होते, दिवा लागतो, चौथी खेप' असे लिहा. ते नको म्हणतील, पण तुम्ही लिहाच. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या व्यक्तीला लाल शाईची ताकद मी काय सांगावी.

पत्र ईमेलनेही पाठवा आणि स्पीड पोस्टाने पोहोच-पावतीसह डाकेनेही पाठवा. ते सर्व्हिस सेंटरला, कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि वाढीव वॉरंटी देणाऱ्या संस्थेला, असे तिघांनाही जावे. विक्रेता आणि उत्पादक यांना कायदा एकच व्यक्ती मानत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने नवी म्हणून जुन्या वर्षाची गाडी दिली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी, उत्पादकाला त्याची माहिती होती हे दाखवल्याशिवाय, उत्पादकावर टाकता येणार नाही असे स्पष्ट केले. तेव्हा कोणी काय केले आणि कोणाकडून काय हवे, हे पत्रात नावनिशीवार वेगळे लिहा. मजकूर लांबवू नका. पुढील धर्तीवर लिहिला तरी पुरे:

"गाडी क्रमांक अमुक, वाढीव वॉरंटी करार क्रमांक अमुक. फेब्रुवारीपासून तीन वेळा (जॉब कार्डांच्या प्रती सोबत) एकच दोष नोंदवला असून तो दुरुस्त झालेला नाही. इनटेक मॅनिफोल्ड वॉरंटीत बदलून देण्यास आपल्या प्रतिनिधीने तोंडी नकार दिला. हा नकार कराराच्या कोणत्या कलमाखाली आहे आणि तो कोणत्या तपासणीवर आधारलेला आहे, हे तपासणीच्या आकड्यांसह पंधरा दिवसांत लेखी कळवावे. भाग माझ्या उपस्थितीत उतरवावा, त्याची छायाचित्रे घेण्यास हरकत नसावी आणि तो भाग माझ्या लेखी संमतीशिवाय नष्ट करू नये अथवा अन्यत्र पाठवू नये."

शेवटचे वाक्य गाळू नका. जुना भाग हाच आपला साक्षीदार आहे आणि एकदा तो भंगाराच्या पिंपात गेला की 'कार्बन होता' हे वाक्यच तेवढे उरते. वॉरंटीत बदललेला भाग नियमाप्रमाणे कंपनीकडे जातो. पण ६२,००० रुपये आपण मोजणार असाल तर तो भाग आपला आहे. गाडीवाचून अडत असेल आणि पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर बिलावर 'हरकत राखून, परतफेडीचा हक्क अबाधित ठेवून रक्कम भरली' असे लिहून सही करा, मॅनिफोल्ड खोक्यात घालून घरी आणा आणि माळ्यावर ठेवा. मात्र तो धुऊ नका. स्वच्छतेची आवड येथे नडते.

पत्रानंतर बहुधा फोन येईल आणि 'गुडविल' हा शब्द ऐकू येईल. म्हणजे कंपनी जबाबदारी न मानता, मेहेरबानी म्हणून भागाच्या किमतीतला काही हिस्सा देऊ करते. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. भागाची पूर्ण किंमत कंपनीने सोसावी आणि मजुरी आपण द्यावी, अशी तडजोड निघाली तर मी ती स्वीकारीन, कारण वर्षभर तारखा घालण्यापेक्षा ती स्वस्त पडते. अर्ध्याहून कमी देऊ केले तर नाकारा. आणि सही करताना 'पूर्ण व अंतिम समाधान' हे शब्द कुठे दडलेले नाहीत ना, ते पाहा, कारण त्या सहीनंतर नवा मॅनिफोल्ड सहा महिन्यांत गेला तरी आपल्याला बोलायला जागा उरणार नाही. नव्या भागाची स्वतःची वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर गोलमाल असले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण अनेक कंपन्यांचे वरिष्ठ तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात, निदान एक तक्रार क्रमांक तरी हाती लागतो. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणून गाडी पुण्यात घेतली असली तरी आपल्याला साताऱ्यात दाद मागता येईल. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते, आणि १० ते २० लाखांच्या किमतीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. वकील सक्तीचा नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग तो भाग मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. माळ्यावरचे न धुतलेले खोके आपल्याला तेव्हा कामी येईल.

एक पथ्य पाळा: मागणी बेताची ठेवा. संतापाच्या भरात लोक 'गाडी बदलून द्या, नाहीतर सगळे पैसे परत करा' अशी मागणी लिहितात आणि तिथेच प्रकरण घसरते. वॉरंटीने सदोष भाग बदलून देण्याचे वचन दिलेले असताना अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटार कंपनीच्या प्रकरणात घेतला होता. आपले प्रकरण एका भागाचे आहे. मॅनिफोल्ड, त्याची मजुरी, तीन खेपांचा प्रवासखर्च, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढेच मागा. नेमकी आणि बिलांनी सिद्ध होणारी मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

भाच्याचा सल्ला मात्र कानाआड करा. ईजीआर बंद करून संगणकात फेरफार करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, आणि त्याने दिवा विझतो हेही खरे आहे. पण धूर नियंत्रणाची यंत्रणा काढणे हा गाडीच्या मूळ रचनेतील बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला तो धरून नाही आणि त्यानंतर वॉरंटीविषयी एक शब्दही काढायला आपल्याला तोंड राहणार नाही. थांब्याच्या जागी बाहेरून धातूची पट्टी बसवण्याचा आणखी एक स्वस्त उपाय बाजारात मिळतो. वॉरंटी पूर्णपणे संपलेल्या गाडीसाठी, थांबाच झिजला आहे हे नक्की असेल, तर तो उपाय मला शहाणपणाचा वाटतो. आपली वॉरंटी अजून जिवंत आहे, म्हणून आज तो नको.

राहिला गणपतीचा प्रश्न. दिवा लागलेला असताना गाडी कराडात फिरवायला हरकत नाही. पण चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाट चढायचा आहे, आणि आपली तक्रारच मुळी चढावर ताकद जाण्याची आहे. भरल्या गाडीत, पावसाळी धुक्यात, मागे एसटी लागलेली असताना वळणावर गाडीने ओढ सोडली तर तो प्रसंग ६२,००० रुपयांहून महाग पडू शकतो. आपण लिहिलेच आहे की मुले मुंबईहून थेट येणार आहेत. तेव्हा या खेपेस एसटीने जा, आणि गाडी त्या दिवसांत सर्व्हिस सेंटरमध्ये आकड्यांच्या तपासणीसाठी ठेवा. फक्त ठेवताना जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या.